सहावं गाणं

भेस्तान, सुरत
७ जानेवारी

नळी मायच्या नाकातून घशात उतरली होती आणि डॉक्टर सांगत होते, बा, ई बोलो, लांबु बोलो. मायने ई म्हटलं. त्याच वेळी टेबलावरच्या फोनमधूनही माय बोलू लागली. संचा मना गया रे, माले टाकीसन गया रे. मागून गडीमाणसं म्हणाली, अरेरेरे.

फोन चंचलबेनचा होता, ती त्यांची रिंगटोन. त्या तिथं हॉस्पिटलात नर्स आहेत. हातात मोजे होते, त्यामुळे त्यांना तो लगेच बंद करता आला नाही. चार ओळी वाजल्या. डॉक्टर पडद्याकडे बघत हसले. पडद्यावर मायचा घसा होता. आत पांढरट गाठ दिसत होती, आणि माय ई म्हणताना एका बाजूची पट्टी हलत होती, दुसऱ्या बाजूची हलत नव्हती. मायला पडदा दिसत नव्हता. तिला फक्त गाणं ऐकू येत होतं.

चंचलबेन म्हणाल्या, सॉरी साहेब, शब्द काही समजत नाहीत पण मजा येते.

लखन, तुकडा काढून तपासला त्याचा रिपोर्ट आधीच आला होता. ही दुसऱ्या डॉक्टरांकडची तपासणी होती. दोघंही एकच सांगतात. स्वरयंत्र काढावं लागेल. मानेला पुढून भोक ठेवतील, श्वास तिथून चालेल. खाता येईल, पिता येईल. मी आवाजाचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, आवाज राहणार नाही, बेन. चोवीस तारीख दिली आहे.

रिक्षात बसल्यावर मी मायला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “बरं.” उधना मागे पडल्यावर तिनं विचारलं, त्या बाईच्या फोनमध्ये मीच होते ना. मी हो म्हणाले.

तुझा नंबर लागत नाही. मेसेजला एकच खूण येते. हा पत्ता योगराजने दिला. तुमचा ‘संचानी गंधमुक्ती’ पिक्चर काढणारा हा माणूस आता पर्वत पाटिया भागात साड्यांच्या दुकानांचे व्हिडिओ काढतो. तू पुण्यात कुठल्या तरी स्टुडिओत असतोस एवढंच त्याला माहीत होतं, पत्ता त्यानं कोणाकोणाला विचारून मिळवला. तो म्हणाला, वर्षाताई, पिक्चर आता कोणी बघत नाही, अल्बम मात्र चालतो. हे सांगताना त्याला वाईट वाटत नव्हतं.

मला तुझ्याकडून एक गोष्ट पाहिजे. सहाव्या गाण्याचं मूळ रेकॉर्डिंग. अल्बममध्ये गेलं ते नाही. तू आपल्या घराच्या मागच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगून तिला बसवलं होतंस, तेव्हा मशीन सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत जे काही आत गेलं ते. गाण्याच्या आधी ती काहीतरी बोलली असेल. नंतरही. पाणी मागितलं असेल. मला ते बोलणं पाहिजे.

माझ्याकडे तिचा दुसरा आवाज नाही. मी फोन शोधला. फोटो आहेत. एका व्हिडिओत ती भाकरी थापते आहे आणि बोलतो आहे किरण. बायकोचा, म्हणजे माझा, फोन नवीन आहे एवढंच तो त्यात सांगतो. गेली दोन वर्षं फोन समोर धरला की माय तोंड मिटून घेते. का ते तुला माहीत आहे.

ते गाणं काढून टाक असं मी तेव्हा म्हणाले होते. ते म्हणणं अजून आहे. पण ते नंतर. आधी रेकॉर्डिंग पाठव.

वर्षा

१५ जानेवारी

तुझ्याकडून काही आलं नाही. पत्र मिळालं असेल असं धरून लिहिते.

काल संक्रांतीची उतराण झाली, आज दुसऱ्या दिवशीची वासी उतराण. शाळेला दोन्ही दिवस सुट्टी. सकाळपासून सगळ्या गच्च्यांवर स्पीकर आहेत. आपल्या बाजूला खानदेशी घरं जास्त, त्यामुळे ‘संचानी गंधमुक्ती’ची सातही गाणी एकामागून एक लागतात आणि संपली की पुन्हा लागतात. सहावं आलं की आवाज वाढवतात. कोणाचा पतंग कापला गेला की सगळी गच्ची एकदम म्हणते, अरेरेरे. गाणं बंद असलं तरी म्हणते. पलीकडच्या सोसायटीतले गुजरातीही म्हणतात.

माझ्या वर्गातली मुलं मधल्या सुट्टीत तुमचा पिक्चर खेळतात. एक जण संचा होतो. हात पुढेमागे करत खट खट कापड विणतो, मग मोटर जळते आणि तो आडवा पडतो. कामगार रडतो, बाकीचे संच्याला खांद्यावर घेतात, दहावं घालतात. मालक चिडून येतो आणि गंधमुक्तीच्या पंगतीत जेवायला बसतो. एक मुलगी डोक्यावर ओढणी घेऊन माय होते. ही मुलं आपसात हिंदी नाहीतर गुजराती बोलतात. माझ्याशी मराठी बोलायला कंटाळतात. मायच्या ओळी मात्र त्यांना अहिराणीत पाठ आहेत. सकायमा उठाडे माले, आते कोन उठाडी रे. तुना खटखटमा मना पोरे निजनात रे. मी त्यांना रागवत नाही. रागावले तर कारण सांगावं लागेल.

हिलालभाऊंच्या दारावर काय झालं ते मी तुला कधी नीट सांगितलं नाही. तू तिथं नव्हतास. मी जे सांगितलं ते रागात सांगितलं, आणि ते थोडंच होतं.

कोणी गेलं की तिसऱ्या दिवशी लोक दारावर जातात, तेव्हा गल्लीच्या तोंडापासून रडण्याचा हेल काढायचा तो मायनंच, हे ठरलेलं होतं. बाकीच्या बाया तिच्या मागून. ज्याच्या घरी गमी झाली असेल त्याच्याकडून आधी विचारणा यायची, शोभाबाई शेतस ना घरी. प्रमिलाबाईंचे यजमान हिलालभाऊ गेले तेव्हाही तसंच. मी मायच्या मागे होते. तिनं पदर पुढे ओढला आणि पहिली ओळ काढली. मना हिलालभाऊ गया रे. मांडवात गडीमाणसं बसली होती. त्यांतल्या दोघातिघांच्या तोंडून अरेरेरे निघालं. कोणी मुद्दाम केलं नाही. मी त्यांचे चेहरे बघितले. आपण काय म्हणालो ते त्यांना म्हणून झाल्यावर कळलं. मग कोणीतरी हसू दाबलं आणि ते हसू सगळीकडे गेलं. बाया हसल्या. प्रमिलाबाई पदराखाली हसल्या. त्यांचे खांदे हलत होते, आधी मला वाटलं रडताहेत. माय दुसऱ्या ओळीवर आली. ओळ म्हणून थांबली. ती थांबली तेवढा वेळ सगळे तोंडावर हात ठेवून बसले होते. तिसरी ओळ तिनं काढली नाही. भिंतीशी जाऊन बसली.

त्यानंतरही तिला बोलावणं येतं. ती जाते, बसते, परत येते. आता आपल्याकडे दारावर कोणी हेल काढत नाही. सुरुवात कशी करायची ते दुसऱ्या कोणाला येत नाही. लोक येतात आणि फोन बघत बसतात.

काल दुपारी मी आणि माय पापडीच्या शेंगा सोलत होतो. वर गाणं लागलं. अरेरेरे झालं. मी म्हणाले, लखनने ते मागचं घातलं नसतं तर हे काही झालं नसतं. गाणं त्याच्याशिवायही पुरलं असतं.

माय शेंगेकडे बघत म्हणाली, “अरेरेरे मी सांगेल शे. त्यानी नही.”

मी हात थांबवला.

“तो म्हने, नुसतं गानं ठेवू. मी म्हनं, नुसतं ठेवशी ते लोके रडतीन. मांगे गडीसले उभं कर.”

मी विचारलं, हे तू आधी का सांगितलं नाहीस.

“तू इचारं नही.”

तिनं एक शेंग उघडली. किडकी होती. बाजूला टाकली.

हिलालभाऊंचं झाल्यावर तू आलास, त्या संध्याकाळी मी तुला उंबऱ्यावरून परत पाठवलं तेव्हा माय आत गॅसजवळ उभी होती. तिला सगळं ऐकू जात होतं. तू चप्पल घातलीस, बॅग उचललीस आणि गेलास. मला वाटलं, याच्याकडे बोलायला काही नाही.

आता कोणावर रागवायचं ते मला कळत नाही. मी पापडी सोलून संपवली आणि भाजी टाकली. मायने दोन घास खाल्ले. तिला गिळताना दुखतं.

रेकॉर्डिंग पाठव.

वर्षा

१८ जानेवारी

डॉक्टरांनी पाटी आणायला सांगितली. ऑपरेशननंतर पेशंट लिहून सांगतात म्हणे. मी शाळेतून एक पाटी आणली. मायला सही येते, शोभाबाई, तेवढीच. तीही ती काढते, लिहीत नाही. शो पासून सुरू करून एका दमात शेवटपर्यंत जावं लागतं, मध्ये थांबली तर पुन्हा पहिल्यापासून. मी तिला पाणी हा शब्द गिरवून दिला. तिनं बराच वेळ त्याच्याकडे बघितलं आणि हातानं पुसला. पाटी चांगली शे, म्हणाली. तिच्यावर तिनं लसूण निवडून ठेवला.

मग तिनंच उपाय काढला. ताटलीवर चमचा वाजवायचा. एकदा वाजवला की पाणी, दोनदा वाजवला की वर्षानं यायचं. किरण म्हणाला, माझ्यासाठी किती वाजवणार. ती म्हणाली, तुमच्यासाठी वाजवून काय उपयोग, तुम्ही सचिन गावाला कामावर. त्याला आठवडाभर दिवसपाळी होती, आता रात्रपाळी लागली आहे.

आजपासूनच चालू केलं आहे. तिचा आवाज बसला आहे, स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही. दोनदा चमचा वाजला की मी उठते. सवय लागायला वेळ लागत नाही.

तू पाठवणार नसलास तर तसं कळव. म्हणजे मी वाट बघणार नाही.

वर्षा

२० जानेवारी

पेनड्राइव्ह मिळाला. पाकिटात चिठ्ठी नव्हती. मी पाकीट उलटं करून झटकून बघितलं.

शाळा सुटल्यावर कॉम्प्युटरच्या खोलीत बसून ऐकलं. शाळेच्या मागे लूमचं खातं, कारखाना आहे, त्याची खटखट दिवसभर त्या खोलीत असते. तुझ्या रेकॉर्डिंगमध्येही कुठल्या तरी खात्याची खटखट आहे. ती आतली की बाहेरची, हे काही वेळा कळत नव्हतं.

सुरुवातीला तू म्हणतोस, माय, बोल काहीतरी, आवाज बघू दे. ती म्हणते, काय बोलू. तू म्हणतोस, काहीबी बोल. मग म्हणते, पंखा लाव. तू म्हणतोस, पंख्याचा आवाज येतो. ती म्हणते, मंग मी घाममा बठू का.

मग ती विचारते, “त्याना मांगे कोन शे?”

मेलेल्याच्या मागे कोण राहिलं ते कळल्याशिवाय तिला ओळ बांधता येत नाही. कोणाच्याही दारावर जायच्या आधी ती हेच विचारायची. मागे कोण, काय आवडीनं खायचा, कोणत्या गावचा. तुला हे माहीत नव्हतं असं वाटतं. तू म्हणतोस, माय, तो संचा शे. ती म्हणते, संचा ते संचा, मांगे कोन शे ते सांग. तू विचार करून म्हणतोस, बाजूना संचा. मग ती हसते.

तिचं हसणं मी विसरले होते. ती आधी श्वास आत ओढते आणि मग आवाज येतो. पुन्हा पुन्हा ती सुरुवात करते आणि हसू येऊन थांबते. तू म्हणतोस, माय, हासू नको ना. तूही हसत असतोस.

सकायमा उठाडे माले ही ओळ झाल्यावर ती मध्येच थांबून म्हणते, “हाई तुना बापना येयलेबी म्हनेल व्हतं मी.”

तू विचारतोस, बापाच्या दारावरची ओळ, मग चालेल ना.

“चालस. त्याले कोठे ऐकू येस.”

तिथं मी बंद केलं. पाणी पिऊन आले. मग पुन्हा लावलं.

शेवटी तुम्ही गडीमाणसांना आत घेता. दार वाजतं, कोणीतरी गोधडी पाडतं. त्यांच्यात हिलालभाऊ आहेत. हे मला माहीत नव्हतं. माय त्यांना पुढे उभं राहायला सांगते, तुमना आवाज मोठा शे म्हणते. ते विचारतात, वहिनी, रडानं का हासानं? ती म्हणते, जे येई ते. गाण्यात सगळ्यांच्या आधी सुरू होतं ते अरेरेरे त्यांचं आहे. इतके दिवस मला तो एकच गलका वाटायचा. आता त्यातून त्यांचा आवाज वेगळा ऐकू येतो, नको म्हटलं तरी.

सगळं ऐकलं. ती तुझं नाव बऱ्याच वेळा घेते. हिलालभाऊंचं घेते. शेजारच्या दुकानदारालाही नावानं हाक मारून तुमच्यासाठी चहा सांगते. माझं नाव एकदाही घेत नाही. घ्यायचं कारण नव्हतं. मी शाळेत होते. तरी मी मशीन बंद केल्याचा आवाज येईपर्यंत बसून राहिले.

मला तेच पाहिजे होतं, हे ऐकून झाल्यावर लक्षात आलं. तिनं मला मारलेली हाक. मी तिला म्हणू शकते, माझं नाव घे. ती कदाचित घेईलही. पण मी सांगितलं म्हणून घेईल. हाक तशी नसते.

घरी आले तेव्हा ती झोपली होती. उठल्यावर तिनं दोनदा चमचा वाजवला. मी गेले.

पेनड्राइव्ह तिला दाखवला. लखनने पाठवला म्हणाले. तिनं तो हातात घेतला, टोपण काढलं, लावलं आणि परत दिला. ऐकायचं का विचारलं. नाही म्हणाली. मग विचारलं, पाकिटावर पत्ता त्याच्या हातचा आहे का. मी हो म्हणाले. तिनं पाकीट मागून घेतलं. ते तिच्या उशाखाली आहे.

वर्षा

२३ जानेवारी
हॉस्पिटल

दुपारी तिला भरती केलं. खाट खिडकीजवळची मिळाली. बाहेर पार्किंग दिसतं. तिच्या हाताला नावाची पट्टी बांधली आहे, गुजरातीत. तिनं ती मला वाचायला लावली.

पाच वाजता प्रमिलाबाई आल्या. डबा आणला होता, पण आता मायला काही द्यायचं नाही, म्हणून मी खाल्ला. मी त्यांना तुझ्या रेकॉर्डिंगचं सांगितलं, हिलालभाऊ त्यात आहेत असं म्हणाले. मला वाटलं त्यांना हे नवीन असेल.

त्या म्हणाल्या, “माले माहीत शे. मी रोज ऐकस.”

त्या पुढे मायकडे बघून बोलल्या. “दारवर त्या दिनले मी हासनी ना, वहिनी. तुम्हीन पहिली ओळ म्हनी आनि माले वाटनं, आते यासना आवाज येई. नेहमी पहिले याच म्हनेत.”

माय म्हणाली, “म्हनीसनच थांबनी मी. मालेबी तेच वाटनं.”

“मंग?”

“मंग पुढे येयनं नही.”

प्रमिलाबाईंनी मान हलवली. मी डबा धुवायला गेले. बेसिनपाशी बराच वेळ पाणी सोडून उभी राहिले. हात धुऊन झाले होते, डबाही धुऊन झाला होता.

परत आले तेव्हा चंचलबेन मायचा रक्तदाब बघायला आल्या होत्या. त्यांचा फोन खिशात वाजला. संचा मना गया रे. प्रमिलाबाई त्यांना गुजरातीत म्हणाल्या, बेन, हा आवाज या बांचा आहे. चंचलबेन हसल्या, मस्करी करता का म्हणाल्या. प्रमिलाबाई म्हणाल्या, मस्करी नाही, आणि मागे पहिला आवाज आहे तो माझ्या नवऱ्याचा. चंचलबेननी फोन बंद केला. मायकडे बघितलं, मग हातावरच्या पट्टीवरचं नाव वाचलं. खरंच, बा? एक ओळ गाऊन दाखवा.

मी नको म्हणणार होते. मायने कोपरावर जोर देऊन अंग वर घेतलं. डोक्यावर पदर नव्हता, हॉस्पिटलचा झगा होता, तरी तिचा हात कपाळाकडे गेला आणि पदर ओढल्यासारखा खाली आला. तिनं ओळ काढली. सकायमा उठाडे माले, आते कोन उठाडी रे. आवाज फाटका होता. वरच्या जागी तो पोचलाच नाही, तिथं नुसता श्वास गेला. पण चाल तीच होती आणि थांबायची जागा तीच होती.

ती थांबली. प्रमिलाबाई म्हणाल्या, अरेरेरे. चंचलबेनही म्हणाल्या. समोरच्या खाटेवरच्या माणसाचा भाऊ भिंतीला टेकून उभा होता, तोही म्हणाला.

माय हसली. आधी श्वास, मग आवाज. मी तोपर्यंत फोन काढला होता. तिनं फोन बघितला आणि तोंड मिटलं नाही. दुसरी ओळ म्हटली. ती माझ्याकडे आहे. एक ओळ आणि तिच्या मागचा गलका. त्यात खोकलाही आहे.

चंचलबेन रक्तदाबाचा पट्टा सोडत म्हणाल्या, बा, मी ही रिंगटोन काढून टाकू का. मायला गुजराती कळतं. राहू दे, म्हणाली. मग माझ्याकडे वळली.

“लखनले लिख, गानं राहू दे. त्यामा हिलालभाऊ शेतस.”

म्हणून लिहिते आहे. गाणं राहू दे. मी काढून टाक म्हणाले होते ते धरू नको.

तू ये असं ती म्हणाली नाही. येऊ नको असंही म्हणाली नाही. संध्याकाळी किरण पाळीवर जायच्या आधी येऊन गेला, त्याला तिनं विचारलं, पुण्याची गाडी सुरतला किती वाजता लागते. त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण तिनं मला विचारलं नव्हतं.

घराची किल्ली प्रमिलाबाईंकडे ठेवली आहे. काल केलेली पापडीची भाजी फ्रीजमध्ये आहे, गरम करून घ्यावी लागेल. मागच्या खोलीत गोधड्या अजून आहेत, त्या तूच टांगल्या होत्यास, कोणी काढल्या नाहीत.

हे पत्र उद्या टाकते.

वर्षा

२४ जानेवारी, सकाळ

पाकीट बंद केलं नव्हतं म्हणून खाली लिहिते.

आठच्या सुमारास मायला ऑपरेशनसाठी आत नेलं. वळणावर दार उघडायचं होतं, तिथं स्ट्रेचर थोडं थांबलं. तिच्या हातात ताटली नव्हती, चमचा नव्हता. तिनं मान वळवली आणि मला नावानं हाक मारली. फोन पिशवीत होता आणि पिशवी बाकावर होती. मी ओ दिली.